मागाची पट्टी आणि अक्का

“काय कशाला चिकटवायचंय ते आदी सांगा. गमचं नाव मी सांगते.”

आमच्या गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात अक्का गिऱ्हाइकाचं असं स्वागत करायच्या. सोलापुरात आमच्या बाजूला राहिला असाल, तर तुमचीही उलटतपासणी झालीच असेल. मी चपलेच्या तळव्यासाठी गेलो, तर त्यांनी मला आधी चालून दाखवायला लावलं.

माझे सासरे हातमागावर चादरी विणायचे. ते गेले, माग मोडला आणि बायकोच्या वाट्याला त्याची सागवानाची हातभर पट्टी आली. येता-जाता दिसावी म्हणून ती फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यावर चिकटवायचं तिने ठरवलं. मी अक्कांकडे लाकडाचा पांढरा गम मागितला.

“त्यो पत्र्याला काय धरतोय?”

“मग तो दोन ट्यूबवाला, कडक होणारा द्या.”

“फ्रिजचा पत्रा तापतोय, लाकूड पावसाळ्यात फुगतंय. मधी दगड घातला तर सुटंल की एक दिस! जरा नमतं घेणारं पायजे.”

माझं लग्न जमवताना कुणी एवढा विचार केला नव्हता.

पट्टी मागाची आहे हे कळल्यावर तर त्या काही विकायलाच तयार होईनात. “दुसरी मिळंल का असली? न्हाय न्हवं? मग थांबा.”

त्यांनी दुकानाच्या शटरवर सागाचे तीन तुकडे तीन प्रकारच्या गमांनी चिकटवले. त्यामुळे शटर अर्ध्यावर अडायचं आणि आठ दिवस अख्खी गल्ली वाकून दुकानात जात होती. दोन तुकडे उन्हात गळून पडले. सिलिकॉनवाला टिकला.

मग अक्का स्वतः घरी आल्या. पत्रा पॉलिशपेपरने घासला, थिनरने पुसला, पट्टी दाबून वरून चिकटपट्ट्या मारल्या. “उद्यापतोर फ्रिज उघडायचा न्हाय. हादरा बसतोय.” दूध आत, आम्ही बाहेर. पाहुण्यांना कोरा चहा पाजला. बायको मात्र दिवसभर पट्टीपाशीच घुटमळत होती.

पुढे गुडघे थकले आणि दुकान विकून अक्का लेकीकडे अक्कलकोटला निघाल्या. मला फार वाईट वाटलं. निघायच्या दिवशी रिक्षा दारात थांबवून त्या थेट आमच्या स्वयंपाकघरात आल्या. दोन्ही हातांनी पट्टी धरली, पाय रोवले आणि ओढली. पट्टी हलली नाही. फ्रिज वीतभर सरकला.

“ऱ्हाईल आता,” म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या.

फ्रिज अजून वाटेतच उभा आहे. जाता-येता माझा खांदा आपटतो. दोनदा मागे ढकलायला गेलो, पण बायको हात लावू देत नाही.