आधी बाईंना सांग

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर वही हातात धरली ती मुलीचीच, कव्हर घालायला. हे लिहितेय तेही तिच्या जुन्या वहीच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर. कुणी वाचलंच तर चुका पोटात घाला. माणूस मात्र बरोबर आठवलाय मला.

चष्मा कपाळावर चढवायचा, पोराच्या हातातला पेन ड्राइव्ह घ्यायचा, तो संगणकाला न लावता तळहातावर नुसता तोलायचा आणि म्हणायचं, "आधी बाईंना सांग." अशी त्यांची पद्धत होती.

बाई म्हणजे मी. भांडुपला शाळेसमोरच्या गल्लीत त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. मी तिथे पानं लावायचे, भोकं पाडायचे, स्प्रिंग घालून बाइंडिंग करायचे. सगळे त्यांना काका म्हणत, मीही काकाच म्हणायचे. मूळचे मालवणकडचे. गिऱ्हाइकाशी साधं मराठी बोलत, पण राग आला किंवा माया आली की गावची बोली बाहेर यायची.

अशी दुकानं तुम्हीही पाहिली असतील. दहावी-बारावीचे प्रकल्प द्यायचे दिवस आले की तिथे पाय ठेवायला जागा नसते. पोरं बाहेरूनच ओरडतात, "काका, अर्जंट आहे!" काका म्हणायचे, "अर्जंट तर माझ्या बायकोचंही असतं रे. वीस वर्षं थांबली आहे ती."

मला कामाला लागून महिना झाला असेल. एक उंच मुलगा चाळीस पानांचा प्रकल्प घेऊन आला. काकांनी विचारलं, "काय आहे यात?" तो म्हणाला, "प्रोजेक्ट आहे." काका म्हणाले, "ते मलाही दिसतंय मेल्या. आत काय आहे? मोबाइलने लिहून दिलं ना सगळं? आता या बाईंना सांग. त्यांना समजलं की छापतो."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी हळूच म्हटलं, "काका, मी चौथी शिकलेली."

"म्हणून तर," ते म्हणाले. "परीक्षकाला सगळं येतं. त्याला अर्धवट सांगितलं तरी उरलेलं तो स्वतः भरून घेतो. तुमच्याकडे तसं चालणार नाही."

तेव्हापासून तेच सुरू झालं. पोर काउंटरसमोर उभं राहायचं, मी हातातली पानं खाली ठेवायचे, ते सांगायचं. मग काका माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की छपाई. आडवी हलवली की पोराला पुन्हा सांगावं लागायचं. मला बोलायची लाज, म्हणून नुसती मानच. काही पोरं चिडून कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात जायची. काका म्हणायचे, "जाऊ दे. तिथे कागद स्वस्त आहे." पण बरीचशी राहायची. सांगता सांगता मध्येच थांबायची, डोकं खाजवायची आणि म्हणायची, "एक मिनिट काका, हे मलाच कळलं नाहीये." तेव्हा काका खूश. चहा मागवायचे. त्या पोरालाही अर्धा.

मग माझीच मुलगी आली.

सायली त्या वर्षी बारावीला होती. प्रकल्प पाण्यावर करायचा होता आणि शनिवारी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर उभं राहून सांगायचा होता. माझी मुलगी माझ्यावरच गेलेली. चार माणसांत आवाज फुटत नाही. अकरावीला अशाच वेळी ती फळ्यापाशी गेली, एक शब्द न बोलता परत जागेवर येऊन बसली आणि नंतर दोन दिवस जेवली नव्हती. या वेळी तसं झालं तर ही पोर पुन्हा कधी कुणासमोर उभी राहणार नाही, एवढी एकच भीती मला होती.

मंगळवारी ती दुकानात आली. काकांनी चष्मा वर केला. "आधी बाईंना सांग."

"काका, ती माझी आई आहे."

"इथे ती बाई आहे. सांग गो."

सायलीने सांगायला सुरुवात केली. भूजल पुनर्भरण, जलप्रस्तर, दुसऱ्या कुठल्या देशातली धरणं. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण ती थांबत नव्हती. हात थरथरत होते तरी बोलत होती. शेवटी तिने माझ्याकडे बघितलं. मी तिची आई आहे हो. मी मान हलवली.

काकांनी माझ्याकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं. मग छापलं. तीस पानं, रंगीत. बाइंडिंग मीच केलं.

संध्याकाळी घरी ती भिंतीकडे तोंड करून पाठ करत होती. मी भाजी चिरत होते. सहज विचारलं, "अगं, ते भूजल म्हणजे आपल्या नळाला येतं ते का?"

ती थांबली. "नाही. म्हणजे... असेल. आई, मध्ये बोलू नकोस ना यार, विसरते मी!"

पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं. त्याच वाक्याशी पुन्हा अडली. तिसऱ्यांदाही तिथेच. मला दिसलं की हिलाही ते माझ्याएवढंच समजलंय. मी मान हलवून तिला तसंच परीक्षकांसमोर पाठवत होते.

सकाळी दुकान उघडलं आणि मी पहिल्यांदाच आपणहून काकांशी बोलले. "काका, काल मला काही समजलं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"मग छापलं कशाला?"

"तुमची मान हलली. मशीन माझं खातं, मान तुमचं खातं. तुमच्या खात्यात मी हात घालत नाही."

मला रडू आलं. म्हटलं, "आता काय करू?"

"तिला सांगा खरां काय ता. अजून तीन दिवस आहेत. नवीन करेल, ते छापू. पहिल्याचे तीनशे साठ रुपये तुमच्या नावावर."

मला वाटलं होतं, जाऊ दे म्हणतील. नाही म्हणाले. आठवड्याच्या पगारातून चाळीस-चाळीस कापायचं ठरलं. वाईट वाटलं का? वाटलं. पण घरी जाताना मनात आलं, आजवर माझ्या कुठल्या कामाची चूक कुणी एवढी मोठी धरली नव्हती. भांडं फुटलं, मीठ जास्त पडलं, की "असू दे, हिला काय कळतंय" एवढंच ऐकलेलं.

सायलीला सांगितलं तेव्हा ती काही तरी फेकून मारेल असं वाटलं. "वाट लावलीस तू माझी! कालच सांगायचं ना मग!"

"काल तुझे हात थरथरत होते गं."

तिने पाठ फिरवली. संध्याकाळी पाण्याच्या वेळी मात्र माझ्यामागून हंडा घेऊन आली. आमची वस्ती डोंगराच्या उतारावर. अकरा घरांत एक नळ, दीड तास पाणी. ती रांगेत उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आई, आज आपण शेवटी का? गेल्या आठवड्यात तर पहिल्या होतो."

मी म्हटलं, "म्हणूनच." आणि सांगत सुटले. दर आठवड्याला पहिलं घर शेवटी जातं. बाळंतीण असेल किंवा मयत झाली असेल त्या घराचे हंडे आधी, त्याला नंबर नाही. जी कामावरून आली नाही तिचे हंडे शेजारणीने भरायचे, झाकण लावून दारात ठेवायचे. हे सगळं कुणी लिहिलेलं नाही. माझ्या सासूने मला सांगितलं होतं. एवढी वर्षं जगलेय, पण इतकं सलग मी कधी बोलले नसेन. सायलीने भिंतीवर हंडा टेकवून वही काढली.

पुढचे दोन दिवस ती घरोघरी फिरली. हंडे मोजले. पाइप एका हंड्यातून दुसऱ्यात टाकताना किती सांडतं ते तांब्याने मापलं. शुक्रवारी काउंटरसमोर उभी राहिली. या वेळी मी मान आडवी हलवली.

काका म्हणाले, "बाई, नुसती मान नको. काय नाही समजलं ते बोला."

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. तरी बोलले. "सांडलेलं पाणी मोजलंस. पण सांडू नये म्हणून काय करायचं ते कुठे सांगितलंस?"

सायली मला म्हणाली, "तूच सांग ना, तू तर रोज करतेस." मग स्वतःच डोळे मिटून म्हणाली, "हंडे चिकटून ठेवायचे. आणि पाइपला चिमटा." मी मान हलवली. यावेळची खरी.

शनिवारी दुपारी ती शाळेतून सरळ दुकानात आली. आम्ही दोघंही काम सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"मॅडमनी विचारलं, पहिलं घर पुढच्या आठवड्यात शेवटी का जातं? मी म्हटलं, शेवटी धार बारीक होते मॅडम. ती बारीक धार सगळ्यांच्या वाट्याला यावी म्हणून."

"अडखळलीस कुठे?" काकांनी विचारलं.

"दोनदा."

"पुढे गेलीस?"

"गेले."

"झकास," काका म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर ओढून मशीनचं झाकण उघडून बसले. मशीनमध्ये काहीच अडकलं नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी काका गेले. सकाळी नाहूरच्या घरी छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. दुकान काही दिवस बंद राहिलं, मग मशीन विकलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. निकालाच्या दिवसांत दोन-तीन पोरं पेढे घेऊन आली होती म्हणे. तो दुकानदार त्यांना म्हणाला, कोण काका?

माझे आठ आठवडे कापून झाले होते. नववा राहिला होता.

दिवसकार्य झाल्यावर मी नाहूरला गेले. काकांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, पाणी दिलं. मी रुमालातून चाळीस रुपये काढले आणि कशाचे ते सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "रवांदे गो. माणूसच गेलो, आता चाळीस रुपयांचा काय?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. त्यांनी घेतले असते."

वहिनी डोळ्यांतल्या पाण्यातून जराशा हसल्या, म्हणाल्या, "घेतल्यान असते, मोजून." आणि हात पुढे केला. मी दहा-दहाच्या चार नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या एकेक करून मोजल्या.