उघडी पाठ

धाकटी बहीण पुण्याला नाच शिकत होती. अंबाजोगाईच्या कॉलेजात तिचा कार्यक्रम ठरला, तेव्हा मी आणि आई परळीहून गेलो. आईला वाटलं होतं, नऊवारी असेल, घुंगरू असतील.

पडदा सरकला. गाणं नाही, काही नाही. अंगाच्या रंगाचे घट्ट कपडे घातलेली बहीण आमच्याकडे पाठ करून बसली होती. आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"अगं, अंगावर काय हाय का न्हाई तिच्या?"

कपडे होते, पाठ मात्र पार कमरेपर्यंत उघडी होती. आणि त्या पाठीवर तो व्रण. लहानपणी न्हाणीत उकळतं पाणी सांडलं होतं, तेव्हाचा. पुढं आईनं तिला कायम बंद गळ्याचेच कपडे शिवले. घराबाहेर कुणाला तो माहीत नव्हता, आणि इथं सगळं सभागृह बघत होतं. माझे कान गरम झाले.

ती हळूहळू हात वर नेऊ लागली. फासळ्या उघडमीट होत होत्या, व्रणाची कातडी चुणत होती. डावा हात अर्ध्यावरच थरथरू लागला. मागून कुणीतरी शिट्टी मारली, मोबाइल वर झाले. ती थांबली. तशीच बसून श्वास घेत राहिली. मग हात पुन्हा वर नेला, पुन्हा अर्ध्यावर अडकला.

"बस म्हणावं तिला," आई पुटपुटली. "दुखायलंय."

इतका वेळ मी समजत होते, आईला लाज वाटतेय.

कार्यक्रम संपल्यावर आई तडक आत गेली. आता बोलणी बसणार म्हणून मी मागोमाग धावले. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आजून ओढतं का गं?"

"हात वर नेला की ओढतं."

"मग कावून नेतीस?"

"तेवढाच जातो, आई. तेवढाच दाखवला."

आम्ही तिघी घरी पोचायच्या आत व्हिडिओ परळीत पोचला होता. वडील भरबाजारात दुकान बंद करून घरी येऊन बसले होते. तिच्याकडं त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. सकाळी ती निघून गेली.

वडील अजून तिच्याशी धड बोलत नाहीत. आई मात्र पुढच्या कार्यक्रमाला एकटीच रेल्वेनं पुण्याला जाऊन आली. कसा झाला, म्हणून मी विचारलं.

"लई बारीक झालीय," एवढंच म्हणाली.