हौदासाठी मशीन निवडलं तो दिवस

सासऱ्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना रोज पाण्यात चालायला सांगितलं. आमचं शेत प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीपासून जवळच. पण नदीत उतरणं त्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. मग नवऱ्याने घरामागे, केळीच्या बागेला लागून, स्विमिंग पूल बांधला. निळ्या फरशीचा, बेताच्या पायऱ्यांचा, धरायला स्टीलचा कठडा असलेला. गाव त्याला हौद म्हणतं. सासूबाई त्याला काहीच म्हणत नसत. "इतलं पानी केळीले दिधं ऱ्हातं," एवढं एकदा बोलल्या आणि नंतर त्या बाजूला फिरकल्या नाहीत.

पूल झाला खरा, पण त्याच्यावर कडुनिंब होता आणि सगळीकडे काळी माती. वारा सुटला की निंबाचा मोहर पाण्यावर आणि माती तळाशी. सासरे काठावर उभे राहून म्हणत, "अशा पानीमा म्हशी बसतस." आणि काठी टेकत परत जात. मी लांब दांड्याची जाळी घेऊन सकाळ-सकाळ पानं काढायची. पानं यायची, माती मात्र ढवळून पुन्हा खाली बसायची.

तेव्हा पूल साफ करणाऱ्या रोबोटचं खूळ घरात शिरलं. नवरा जेवतानासुद्धा मोबाइलवर तेच व्हिडिओ बघायचा. त्याला वायरवालं मोठं मशीन हवं होतं. त्यात ताकद जास्त, असं त्याचं म्हणणं. मला बॅटरीवालं हवं होतं. आमच्याकडची लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि ते ओढून बाहेर काढायचं काम शेवटी माझ्याकडेच येणार, हे मला माहीत होतं. शिवाय मशीनच्या आतली जाळी इतकी बारीक हवी की आपली माती तिच्यात अडकली पाहिजे. आमचं काही जमेना. शेवटी सुरतेच्या एका दुकानदाराने सांगितलं, दोन्ही घेऊन येतो, तुमच्याच पाण्यात चालवून बघा.

तो आला तेव्हा पांढरे बूट घालून आला. त्याच्या आधी बातमी आली होती. आजूबाजूच्या शेतांतली माणसं, शाळेच्या मास्तरीणबाई, पलीकडच्या मळ्यातल्या जावा-जावा, सगळे काठाभोवती बसले. सासऱ्यांनी खुर्ची मागवली. गर्दी पाहून सासूबाई पण आल्या, चहाचं निमित्त करून.

दोन्ही मशिनं एकदम पाण्यात सोडली. वायरवालं सरळ तळाला गेलं आणि आपल्यामागे स्वच्छ निळा पट्टा ओढत निघालं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. माझं मशीन एका कोपऱ्यात गोल गोल फिरत होतं, तिथून हलेचना. काठावर दोन पक्ष पडले. जावा-जावा माझ्या बाजूच्या, पुरुष सगळे नवऱ्याच्या बाजूचे. मास्तरीणबाई मुलांना ओरडावं तसं माझ्या मशीनला म्हणाल्या, "अरे, पुढे जा ना." आणि ते खरंच पुढे गेलं. तेवढ्यात एक बेडूक त्याच्या पाठीवर येऊन बसला आणि पूलभर फिरून आला. सासरे इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा सांडला.

वायरवाल्याने तोवर स्वतःच्याच वायरीला तीन-चार पीळ घातले होते. नवरा ते सोडवायला वाकला आणि लाइट गेली. मशीन भर मध्यावर थांबलं. जावांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याला पण हसू आवरेना.

माझं चालूच होतं. ते भिंत चढू लागलं. सासूबाई नेमक्या त्याच बाजूला, उन्हाने तापलेले पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. दुकानदार गडबडून म्हणाला, "काकी, पग ऊपर लो." त्या ऐकेपर्यंत मशीन वर आलं आणि त्याचे मऊ ब्रश त्यांच्या तळव्यांना लागले. त्या दचकल्या, पण पाय काही काढले नाहीत. गुदगुल्यांनी त्या हलायला लागल्या, मग हसायला लागल्या. पदर तोंडात धरला तरी हसू बाहेर येतच होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "हाऊ मन्हा पाया पडी ऱ्हायना," त्या म्हणाल्या. "हाऊच ल्या."

मग मशीनची बॅटरी संपली आणि ते घसरून उथळ बाजूला तळाशी जाऊन बसलं. दुकानदार बाहेर काढायचा आकडा आणायला गाडीकडे गेला. सासूबाईंनी साडीचा काष्टा खोचला आणि कुणाला काही न विचारता पायऱ्या उतरल्या. पाणी त्यांच्या कमरेला लागलं. मी ओरडले, "आई, थांबा, मी काढते." त्या वाकल्या, मशीन दोन्ही हातांनी उचललं, कडेवर घेतलं आणि काठावर माझ्यापुढे ठेवलं. स्वतः मात्र वर आल्या नाहीत.

"आई, या वर."

"थांब ना. पानी गार शे."

जाळी उघडली तर आत बोटभर काळा चिखल आणि निंबाचा मोहर. माझं एवढ्या महिन्यांचं काम त्या डब्यात होतं. मी तो सगळ्यांना फिरवून दाखवला, पेढे दाखवावेत तसा. दुकानदाराचे पांढरे बूट एव्हाना घोट्यापर्यंत ओले झाले होते, आणि तो स्वतःच जावांना भिंतीवर चढायचं गणित समजावून सांगत बसला होता.

सासऱ्यांनी काठी खुर्चीला टेकवली. कठडा धरून एक एक पायरी उतरले आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला. गावासमोर, आमच्यासमोर, त्यांनी कधी असं केलं नव्हतं. सासूबाईंनी आधी जावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात धरला. "हळू चाला," त्या म्हणाल्या, आणि दोघं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लागले.

आता मशीन सकाळी चालतं आणि ते दोघं संध्याकाळी. सासूबाईंना पाण्यात साडी जड होते म्हणून त्या माझा जुना पंजाबी ड्रेस घालतात. गुडघे कुणाचे दुखत होते, ते मात्र त्या विसरल्या आहेत. सासरे दमून पायरीवर बसतात, तेव्हा त्या एकट्याच आणखी दोन फेऱ्या मारतात.