वस्तादांच्या भिंतीवरचा खिळा

"हे काय आणलंत मास्तर? मोबाइल हाय का कबर? अरे, कबरबी कोर्टाचा हुकूम आणला की उघडती! ह्याला एक स्क्रू न्हाई! एकबी न्हाई! सगळं डिंकानं चिटकवलंय, पाकिटावानी!"

वस्ताद असे ओरडत होते की दिंद्रुडच्या बाजारातली निम्मी गिऱ्हाइकं वांगी निवडायची सोडून दुकानाकडे बघायला लागली आणि समोरच्या पिंपळावरचे कावळे उठून थेट माजलगावच्या दिशेने गेले. माझा गुन्हा एवढाच, की चार्ज होत नाही म्हणून नवाकोरा फोन मी त्यांच्यापुढे ठेवला होता.

"पैसे कुणी दिले?"

"मीच दिले."

"मग उघडायची चोरी कावून? ध्यानात ठेवा मास्तर, जी वस्तू आपल्याला उघडता येत न्हाई, ती आपली न्हाई. पावणी हाय ती. चार दिस ऱ्हाईल, खाईल-पिईल, आन् जाईल."

फोन खरोखरच चौथ्या दिवशी गेला. वस्तादांना दृष्ट लावण्याची विद्या होती, असं माझं आजही मत आहे.

वस्तादांचा धंदा मोटारी भरण्याचा. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्या आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हे त्यांचं काम. उंची जेमतेम पाच फूट, पण आवाज असा की दोनशे फूट खोल बोअरमधली मोटार त्यांची हाक ऐकून एकदा आपण होऊन सुरू झाली, असं सांगणारे तीन साक्षीदार मला माहीत आहेत. त्यातले दोघे माझ्यासारखेच खोटं बोलतात, पण तिसरा माळकरी आहे. डोक्यावर एक टोपी असायची. तिचा मूळ रंग पांढरा की हिरवा यावर गावात दोन गट होते. कामाला बसले की वस्ताद ती काढून दुकानाबाहेरच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगत. हा खिळा नीट ध्यानात ठेवा. पुढे त्याने मोठा गोंधळ घातला.

मतं त्यांच्याकडे ढिगाने होती आणि ती ऐकल्याशिवाय मोटार परत मिळत नसे. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे जगातल्या सगळ्या कंपन्यांचा मी वकील आहे असं समजून ते माझ्याशीच भांडायचे. "हे अपडेट म्हंजी काय ओ मास्तर? रातीतनं कोनीतरी आपल्या घरात शिरून चुलीची जागा बदलतो, आन् सकाळी आपल्यालाच म्हनतो, बघा, आता लई सोपं झालं!"

पण त्यांचा मुख्य कायदा चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, केलेला होता. त्याचं असं झालं. शेजारची एक बाई चाचींकडून नेहमी विरजण न्यायची. पुढे तिच्या नवऱ्याने एसटी स्टँडवर लस्सीची गाडी टाकली, ती चांगली चालली. एकदा चाचींचं दही नासलं म्हणून त्या वाटी घेऊन तिच्याकडे गेल्या, तर बाई म्हणाली, "आमचं खास दही हाय, बाहेर देत न्हाई." चाची ओरडल्या नाहीत, घरातलं सगळं ओरडणं एकट्या वस्तादांकडे होतं. त्या परत आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "विरजण न्यायला मी कदी नको म्हनलं न्हाई. पन नेलं तर दुसऱ्याला द्यायला नको म्हनायचं न्हाई. एवढंच."

वस्ताद त्या दिवशी जेवले नाहीत. "एवढंच! एवढंच तर समद्या दुनियेला कळंना!" असं म्हणत संध्याकाळपर्यंत दुकानात येरझाऱ्या घालत होते.

पुढे त्यांनी ती पेटी बनवली. आमच्याकडे लाईट तिच्या मनाला येईल तेव्हा येते, आणि मोटार चालू करायला दोन मैल तुडवत विहिरीवर जावं लागतं. वस्तादांनी एक जुना बटणांचा मोबाइल घेतला, तो थरथरला की चाप ओढला जाईल अशी जोडणी केली आणि सगळं एका पत्र्याच्या पेटीत बसवलं. घरी बसून मिस कॉल द्यायचा, विहिरीवर मोटार सुरू. अशा पेट्या बाजारात आल्याच नव्हत्या असं नाही. पण त्या डिंकाने चिटकवलेल्या होत्या, म्हणजे पावण्या.

दुसरा कोणी असता तर त्याने कृती उशाखाली ठेवली असती. वस्तादांनी ती दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर ऑइलपेंटने काढली. आठ फूट लांब, पाच फूट उंच. कोणती तार कुठे, कोणता चाप कसा, सगळं. आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं: 'न्या. करा. विका. सुधारलं तर हितं येऊन काढा. हुकमावरून.'

लोक आले. बघितलं, पेट्या बनवल्या, आणि पहिल्याच उन्हाळ्यात नवी भानगड झाली. मोटारीला मोबाइल नंबर मिळाला होता, आणि तो सगळ्या जगाला कळला होता. कॉलर ट्यून लावा म्हणून विनवणाऱ्या बायका दिवसातून पंधरा वेळा आमच्या मोटारींना फोन करायला लागल्या. माझ्या उसाला त्या वर्षी मी पाणी दिलंच नाही, सगळं त्या बायकांनी दिलं. ऊस इतका माजला की त्यात शिरलेली गाय बाहेर आली तेव्हा तिच्याबरोबर वासरू होतं.

मग जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून कड्याची एक शेतकरीण आली, वस्तादांकडून ब्रश मागून घेतला आणि फक्त मालकाच्याच नंबरला पेटी दाद देईल अशी जोडणी भिंतीवर काढून, चहा पिऊन निघून गेली. एका मेंढपाळाने तीच जोडणी कळपातल्या म्होरक्या बोकडाच्या गळ्यातल्या घंटीला लावली. मिस कॉल दिला की घंटी वाजायची आणि चुकलेली मेंढरं गोळा व्हायची. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याने भिंतीवर शिंगांतून लहरी निघणारा बोकड काढला. मी इतका हुशार चेहऱ्याचा बोकड दुसरा पाहिलेला नाही. वस्ताद रोज सकाळी ती भिंत ओल्या फडक्याने पुसत. घरात आरसा असेल की नाही माहीत नाही, पण भिंत लखलखीत.

आता तो खिळा. टोपी टांगायचा खिळा नेमका चित्राच्या मधोमध होता. रंग देताना वस्तादांनी तो काढला नाही, कारण मग टोपी कुठे टांगणार? एकदा ते टोपी घालून नमाजाला गेले असताना कोणीतरी भिंतीचा फोटो काढला. फोटोत चाप, तार, आणि मधोमध दोन इंची खिळा. त्या गड्याने इमानेइतबारे पेटी बनवली आणि मध्ये दोन इंची खिळा ठोकला. पेटी उत्तम चालली. चालणारच; खिळ्याला ना तार होती ना काम. पण तो फोटो फिरला, आणि दोन महिन्यांत शिवारातल्या प्रत्येक पेटीत एक खिळा बसला.

वस्ताद घसा फुटेस्तोवर ओरडले. "अरे, ती माझी टोपी टांगायची जागा हाय! तुमची पेटी टोपी घालती का बे?" कोणी ऐकेना. त्यात एकाने खिळ्याशिवाय पेटी केली, ती पावसात भिजली आणि जळाली. झालं! खिळा सिद्ध झाला. गावात नवा खिळा बरा की गंजलेला, यावर तट पडले. शेवटी वस्तादांच्या दुकानातच लोक पेटी हातात घेऊन उघडून बघायला लागले. आत खिळा दिसला नाही की परत करायचे. वस्ताद हरले. लोहाराकडून किलोभर खिळे आणून ते प्रत्येक पेटीत एक ठोकायचे आणि ठोकताना दर वेळी एक शिवी द्यायचे. ती शिवी इथे देता येत नाही, पण तिच्यात खिळ्याच्या खानदानाचा उल्लेख असे.

अशात नोटीस आली. शहरातल्या कुठल्याशा कंपनीच्या वकिलाची, इंग्रजीत. बाजारच्या दिवशी शंभर माणसांपुढे मी ती वाचून मराठीत सांगितली: ही जोडणी आमच्या संशोधनाची नक्कल आहे, तिच्यावर आमचं पेटंट आहे, तुम्ही पेट्या करणं बंद करा आणि पंधरा दिवसांच्या आत भिंत चुन्याने पुसून टाका, नाहीतर कोर्टात या.

लोक वस्तादांच्या ओरडण्याची वाट बघत होते. काहींनी कानांवर हातसुद्धा ठेवले होते. पण वस्ताद ओरडले नाहीत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा हळू आवाज ऐकला.

"दुकान बंद करा म्हनले तर करीन मास्तर. मोटारी भरून पोट भरतंय. पन भिंत पुसली, तर मान्सं इचारायला कुटं जातील?"

मी नोटीस घडी घालून खिशात ठेवली. मग गावाने ठरवलं की भिंत पुसायची वेळ आलीच, तर आधी ती सगळीकडे व्हावी. पुढच्या चौदा दिवसांत तालुक्यात कोरी भिंत उरली नाही. शाळेच्या फळ्यावर, पाण्याच्या टाकीवर, पारावर, गोठ्यांत, जिथे तिथे तीच जोडणी, तोच बोकड आणि तोच खिळा. एकाला भिंतच नव्हती, त्याने म्हशीवर काढली. म्हैस डोहात जाऊन बसली आणि त्याला तीन वेळा पहिल्यापासून काढावी लागली.

पंधराव्या दिवशी कंपनीचे साहेब आले. गळ्यात टाय, गाडीत चुन्याची बादली, हातात त्यांची पेटी. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, अर्थातच डिंकाने बंद. "ही आमची मूळ वस्तू," साहेब म्हणाले. "आमच्या इंजिनियरांनी तीन वर्षं मेहनत घेऊन केलेली. तुम्ही हिची नक्कल केलीत."

"बगू तरी," वस्ताद म्हणाले.

"उघडता येत नाही ती."

हे वाक्य वस्तादांपुढे बोलायचं नसतं. त्यांनी सायकलची घासून धार केलेली तार पेटीच्या फटीत घातली, दातओठ खाल्ले, आणि पेटी कवठासारखी फुटली. आत हिरवी पाटी, नाजूक तारा, सगळं कसं दागिन्यासारखं. आणि मधोमध, मुद्दाम बनवलेल्या प्लास्टिकच्या खोबणीत, चांदीसारखा मुलामा दिलेला, दोन इंची खिळा.

जो गलका उठला त्याने पिंपळावर जे कावळे परत आले होते ते पुन्हा माजलगावला गेले.

"हे काय हाय?" वस्तादांनी विचारलं.

साहेबांनी घाम पुसला. "तो... स्थिरतेसाठी आहे. आमच्या इंजिनियरांनी ठेवलाय."

वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी सावकाश भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. "आमचा बी स्थिरतेसाठीच हाय," ते म्हणाले.

लोक ओरडायला लागले. वस्ताद, आता तुमी ठोका केस! कंपनीच लिहून घ्या! मीही बाह्या सरसावून इंग्रजीत नोटीस लिहायला तयार होतो. पण वस्तादांचा राग भलत्याच वाटेने निघाला होता. "नेलं त्याचं मला काय न्हाई! न्या म्हनून मीच लिवलंय! पन मुलामा दिला ना? सुधारलं ना? मग हितं येऊन कावून काढलं न्हाई बे?" आणि त्यांनी पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश साहेबांच्या हातात ठेवला. "हं. काढा."

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. शंभर माणसं, दोन रस्ते, आणि दोन्ही रस्त्यांवर माणसंच. त्यांनी टाय पाठीवर टाकला आणि काढला खिळा. ब्रशची सवय नव्हती, त्यामुळे तो भुईमुगाच्या शेंगेसारखा आला. चाचींनी त्यांना ताक दिलं. जाताना चुन्याची बादली ते विसरले. त्या चुन्यात चाचींनी स्वयंपाकघर पांढरं केलं. नोटीस पुन्हा आली नाही.

भिंतीचा शेवट कोर्टाने नाही, रस्त्याने केला. रुंदीकरणात दुकानाचा पुढचा भाग गेला. मशीन आलं त्या सकाळी मी रडवेला होऊन वस्तादांना म्हणालो, आपण निदान एक तुकडा तरी वाचवू. ते खिळ्यावरची टोपी काढून झटकत होते. "कावून?" ते म्हणाले. "भिंत माझी व्हती, जाऊ द्या. नकला हायेत की." मग टोपी घालून ते मशीनवाल्यावर ओरडायला गेले, कारण तो चुकीचा गिअर टाकत होता.

ते बीडला लेकीकडे राहायला गेले आणि दोन पावसाळ्यांमागे तिथेच वारले. मातीला गेलो तेव्हा चाची एवढंच म्हणाल्या, "घरात लई शांत झालंय मास्तर." मी खिशात हात घालून उभा राहिलो, खिशात फोन होता, डिंकाने चिटकवलेला.

यंदा माझी जुनी पेटी गंजून गेली. करून देणारं कोणी जवळ नव्हतं, म्हणून मी बीडच्या एका मोठ्या दुकानातून नवी विकत घेतली, पांढरी, गुळगुळीत. घरी आणून पहिलं काम केलं ते वस्तादांची आठवण काढून सायकलच्या तारेने ती फोडण्याचं. आत मधोमध तो बसला होता, मुलाम्याचा, दोन इंची. मी तशीच पेटी बगलेत मारून दुकानात परत गेलो. काउंटरवरच्या माणसापुढे पेटी ठेवून मी विचारलं, "हा खिळा कशासाठी आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

त्याने पेटीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तो काढला की वॉरंटी जाती," तो म्हणाला.