रुमालाची गाठ

मंगळवार पेठेतली रोहिणी चौगुले वैमानिक झाली, तरी आईची एक सवय तिनं सोडली नाही. काही लक्षात ठेवायचं असलं की राजमतीबाई पदराला गाठ मारायच्या, रोहिणी रुमालाला. विमान ठराविक उंचीवर गेलं की उंची दाखवणाऱ्या यंत्रात गावच्या हवेचा दाब काढून सगळ्या विमानांसाठी ठरलेला एकच दाब लावावा लागतो. तो लावला की मगच गाठ सुटायची. शेजारच्या खुर्चीतले कॅप्टन कदमबांडे खो खो हसायचे. "विमान हाय का भाजीची पिशवी?"

आज राजमतीबाई पहिल्यांदाच विमानात बसल्या, तेही लेकीच्या. आल्या आल्या सगळ्यांना दम भरला, "पावणं, पट्टा नीट बांधा. माझी पोरगी चालवतीया!" कॉकपिटचं दार बंद झालं तरी रोहिणीचं हसू आवरेना. विमान उडालं, पन्हाळा वाटीएवढा झाला आणि ती नुसती हवेत तरंगत राहिली. गाठ मारायची राहूनच गेली.

तेवढ्यात नाकासमोर एक रुमाल हलला. त्याला घट्ट गाठ.

तिनं झटकन दाब बदलला. "सर, तुम्हीपण?"

"पहिल्या दिवसापास्नं की," कॅप्टन गाठ सोडत म्हणाले. "हसायचो, ते तुझं लक्ष माझ्या खिशाकडं जाऊ नये म्हणून."