समुद्राचा नळ

मुलाने सहलीचा बेत लॅपटॉपवर रंगीत चौकोनांत मांडला होता. थीम पार्क पिवळं, प्रवास राखाडी, जेवण हिरवं. मी अकोल्याहून अमरावतीला त्याच्याकडे गेले होते ती या बेतावर देखरेख करायला. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण दोन लहान पोट्टे घेऊन चार दिवस मुंबईकडे जायचं आणि आजीला विचारायचंसुद्धा नाही, हे मला कसं चालेल?

पिवळे चौकोन अडीच दिवसांचे होते. निळा एकच, बोटाच्या पेराएवढा. त्यात लिहिलं होतं, 'साडेचार ते साडेपाच, समुद्रदर्शन.'

"दर्शन?" मी म्हटलं. "तिथं बी रांग लागते का रे? नारळ घेऊ का संगं?"

सून हसली. मुलगा हसला नाही. "एक घंटा लय झाला, आई. पाण्यात कोणी उतरून नाही राहिलं. दुरून पाहाचं, फोटो काढाचे अन् निंगाचं."

सात वर्षांच्या नातीने बादली, फावडं आणि माशाच्या आकाराचा साचा कधीच एका पिशवीत भरून ठेवला होता. ती पिशवी पोटाशी धरून ती म्हणाली, "आजी, बाबा म्हणतात पायसुद्धा नाही घालायचा." तिच्या मागे उभ्या चार वर्षांच्या नातवाने मान हलवली, "पाय पन नाई."

दुरून पाहायचं. हे वाक्य माझं होतं. तीस वर्षांपूर्वी मी ते याच पोराला, याच सुरात ऐकवलं होतं. मी चहाचा कप खाली ठेवला.

आता हे हसत लिहिते आहे, कारण सगळं पार पडलं. त्या दिवशी मात्र हसू येत नव्हतं.

तीस वर्षांपूर्वी अकोल्यात एक बाई होती. बी.ए., बी.एड. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. फळ्यावर पृथ्वी काढायची, चंद्र काढायचा, निळ्या खडूने पाणी फुगवून दाखवायची आणि भरती-ओहोटी समजावून सांगायची. दोन भरतींमध्ये बारा तास पंचवीस मिनिटं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. फक्त तिने समुद्र पाहिला नव्हता. ती मूळची तेल्हाऱ्याची. कापसाच्या शेतात वाढलेली, सगळ्यात खोल पाणी पाहिलं ते विहिरीत, तेही काठावर पालथं पडून, मागून काकूने पाय धरलेले असताना. ती बाई म्हणजे मी. आजकाल मी तिला ओळख देत नाही, पण काय करणार, फोटोंमध्ये ती माझ्याच साड्या नेसून उभी असते.

तर या मॅडमनी ठरवलं, सहा वर्षांच्या मुलाला समुद्र दाखवायचा. अलिबागला जायचं. तयारी अशी केली की जणू समुद्र उघडायला हीच निघाली आहे. गॉगल घेतला. काठ असलेली टोपी घेतली. आणि अकोल्याहून वीस लिटरची पाण्याची कॅन भरून घेतली. नवऱ्याने विचारलं, "समुद्रावर पाणी नेऊन राहिली का तू?" मॅडम म्हणाल्या, "ते खारट असते." गाडीत शेजारच्या बाईने कॅनकडे पाहून विचारलं, "तूप हाय का?"

पोचलो तेव्हा ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, मध्ये मैलभर ओली वाळू. मुलगा अंगातला सदरा काढून उड्या मारत होता. मी त्या वाळूकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात माझाच फळा उभा राहिला. ओहोटीनंतर काय? भरती. म्हणजे ते सगळं, क्षितिजापर्यंतचं, आता परत इकडे येणार. मी मुलाचा दंड घट्ट धरला. जे मी चाळीस-चाळीस मुलींना न घाबरता शिकवलं होतं ते खरंच घडतं, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"आई, पाणी कुठी गेलं?" मुलाने विचारलं.

आणि भूगोलाच्या मॅडमनी उत्तर दिलं, "नळ गेला."

अकोल्याच्या पोराला यात नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं. आमच्याकडे नळ पाचव्या-सहाव्या दिवशी यायचा. आला की शेजारीपाजारी ओरडायचे, गेला की पिंपांवर झाकणं पडायची. त्याने शहाण्या माणसासारखं विचारलं, "मंग कधी येते?"

"परवा."

"परवा आपण असतो का?"

"नाई. आता दुरून पाहाचं अन् निंगाचं."

त्याने निमूटपणे सदरा परत घातला. नवरा चहाची टपरी शोधून परत येईपर्यंत मी पोराला स्टँडवर नेऊन बसवलं होतं. कॅनमधलं पाणी आम्ही परतीच्या वाटेवर संपवलं. इतका चांगला पोरगा, वाटेत एकदाही रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं.

इथवर झालं ते झालं. पण खोटं बोलणाऱ्याला पुढच्या खोट्याची सोय करावीच लागते. पाचवीत त्याच्या पुस्तकात भरती-ओहोटीचा धडा आला. पुस्तक उघडं धरून तो स्वयंपाकघरात आला. "आई, समुद्राले नळ नसते." मी पोळी लाटत होते. वर न पाहता म्हटलं, "तुह्या पत्रिकेत पाण्याचं भय लिहेल हाय. म्हणून नेलं नाई पाण्यात."

पत्रिका! आमच्या घरात पत्रिका कुणाचीच नव्हती. ह्यांना त्यात रस नव्हता आणि मला वेळ नव्हता. पण पोराने ते असं धरलं की सोडलंच नाही. शाळेच्या सहलीत सगळे ओढ्यात, हा काठावर. कॉलेजात असताना मित्रांसोबत गोव्याला गेला आणि सगळ्यांच्या चपला राखत वाळूवर बसला. आल्यावर अभिमानाने सांगत होता, "चौदा जण होतो, एकाचीही हरपली नाई." मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्याला लाडू वाढला.

त्याचं लग्न ठरताना चांदूर रेल्वेच्या व्याह्यांनी पत्रिका मागितली. मी ताठ बसून म्हटलं, "आमी पत्रिका मानत नाई." व्याही खूश झाले. किती पुढारलेली विहीण म्हणून त्यांनी माझी कीर्ती चारी बाजूंना पसरवली. मीही ती अंगाला लावून घेतली.

तर आता त्या बोटाएवढ्या निळ्या चौकोनापुढे मी बसले होते. बादलीवाली नात माझ्याकडे पाहत होती. या दोघांनाही त्यांच्या बापासारखं कोरडं परत आणायचं, की तोंड उघडायचं? घरी मला जमलं नाही. एवढंच म्हटलं, "मी बी येतो संगं."

ह्यांना फोन केला तर ते म्हणाले, "जा तू. गुरुवारी नळ हाय, कोणीतरी घरी पाहिजे." मग थोडं थांबून म्हणाले, "अन् सांगून टाक त्याले आता. मह्यावर पाप नको."

थीम पार्कच्या फाटकावरच माझ्यामुळे रांग अडली. मी दोन्ही नातवंडांच्या खिशात एकेक कांदा ठेवला होता, ऊन लागू नये म्हणून. तपासणाऱ्या मुलीने कांदे बाहेर काढले. "बाहेरचं खाणं चालत नाही, आजी."

"खाचा नाई तो. खिशात ठेवाचा."

तिने माझ्याकडे पाहिलं, कांद्याकडे पाहिलं आणि दोन्ही कांदे एका ट्रेमध्ये जमा करून घेतले. सून दुसरीकडे तोंड करून हसत होती.

आत गेल्यावर दर पाळण्यापाशी उंची मोजायची काठी. नातू टाचा उचलून उभा राहायचा आणि तरी दोन बोटं कमी पडायचा. मग आम्ही लाटांच्या तलावापाशी आलो. सिमेंटचा भला मोठा तलाव, एका बाजूला वाळूच्या रंगाचा उतार, कडेला खोटी नारळाची झाडं. पाणी अगदी गप्प. सून मुलांना लाइफ जॅकेट घालून उथळ पाण्यात घेऊन गेली. मुलगा सगळ्यांच्या पिशव्या आणि चपला गोळा करून बाकावर बसला. न सांगता. मीही शेजारी बसले.

एवढ्यात भोंगा वाजला आणि पाणी हलायला लागलं. लाटा आल्या, पोरं किंचाळली. दहा मिनिटांनी परत भोंगा, आणि सगळं थांबलं. नात ओल्या पायांनी धावत आली. "आजी, समुद्र बंद झाला! आता एका तासाने येणार!"

मी पाहतच राहिले. माझी तीस वर्षांपूर्वीची थाप कुणीतरी सिमेंटमध्ये बांधून काढली होती, वर तिकीट लावलं होतं.

नात परत पाण्याकडे पळाली. मी म्हटलं, "तुले एक सांगू का?"

"सांग ना."

"तुह्यी पत्रिका नाई."

"म्हंजे? हरपली?"

"हरपाले असावं लागते. केलीच नोती."

त्याने चपलांवरून नजर वर उचलली. "मंग ते पाण्याचं भय?"

"ते माह्यं होतं."

मी घाईघाईने बाकीचं सांगून टाकलं. ओहोटी, फळा, भीती, नळ. स्वयंपाकघरातली पोळी. एकदा बूच निघालं की मग पाणी थांबत नाही.

"बाबाले मालूम हाय?" त्याने विचारलं.

"पहिल्यापासून."

"म्हंजे गोव्यात म्या दोन दिवस चौदा जणाईच्या चपला..."

"राखल्या. एकही हरपली नाई."

"आई!"

पुढच्या भोंग्यापर्यंत तासभर होता आणि त्यातला बराच वेळ तो नुसता समोर पाहत होता. मी पिशवीची चेन उघडत होते, लावत होते. एवढ्या वर्षांत मी त्याच्या रागाला घाबरले नव्हते. त्या दिवशी घाबरले. तो ओरडला असता तर मी ऐकून घेतलं असतं. पण तो उठून निघून जाईल, आणि घरी परतल्यावर मला 'आई' म्हणताना त्याचा आवाज वेगळा लागेल, असं मला वाटत होतं.

तो उठला. हातातलं घड्याळ काढून माझ्या मांडीवर ठेवलं. मग मोबाईल. मग पाकीट.

"सामान सांभाळ," तो म्हणाला. "आता तू राख चपला."

आणि सरळ पाण्याकडे चालू लागला. जीन्स घालून. पाच पावलं गेला नसेल तर गार्डने शिट्टी मारली. पोहायच्या कपड्यांशिवाय आत जाता येत नाही. मुलगा हात जोडून परत वळला, भाड्याच्या कपड्यांच्या खिडकीवर गेला आणि जांभळ्या फुलांची चड्डी घालून आला. नातीने त्याला पाहिलं. "बाबा?" तिने आधी आईला विचारून खात्री करून घेतली.

भोंगा वाजला तेव्हा तो गुडघाभर पाण्यात दोन पोरांचे हात धरून, जबडा आवळून उभा होता. पहिली लाट आली, त्याने डोळे मिटले. दुसरीला उघडले. तिसरीला तो ओरडला, काय ते मला ऐकू आलं नाही; पण आवाज सहा वर्षांच्या पोराचा होता. मी त्याचं घड्याळ हातात घट्ट धरून बसले होते आणि माझा श्वास, जो बहुधा अलिबागच्या स्टँडवर अडकला होता, तो सुटला.

संध्याकाळी त्याने दुसऱ्या दिवशीचा पिवळा चौकोन पुसला आणि निळा दिवसभर ओढला. सुनेला त्याने तोवर सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "आई, माझे बाबा तर अजून सांगतात, आमच्या विहीणबाई किती पुढारलेल्या."

"मंग सांगू दे ना," मी म्हटलं. "त्याईचं बीपी कावून वाढवता?"

सकाळी अलिबागला पोचलो तर पुन्हा ओहोटी. तीच लांब गेलेली रेघ, तीच ओली वाळू. नातीने बादली खाली ठेवली. "आजी, पाणी कुठं गेलं?"

मुलगा माझ्याकडे बघत होता. सूनही. नातवाला काही कळत नव्हतं, पण तोही बघायला लागला.

"ओहोटी आहे," मी म्हटलं. "थोड्या वेळाने भरती येईल. आपण थांबू."

थांबलो. चादर अंथरली, शंकरपाळे खाल्ले, नातीने वाळूचे अकरा मासे पाडले. पाणी हळूहळू आलं, फळ्यावर यायचं तसंच, फक्त त्याला आवाज होता. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला मुलाने दोनदा विचारून घेतलं, कुठवर जायचं. गुडघ्यापर्यंत. तो पोरांना घेऊन गेला. थोड्या वेळाने परत आला आणि माझ्यापुढे हात धरला.

"चाल. आज नळ हाय."

"मी दुरून पाह्यतो ना."

"आई."

गेले. साडी खोचून, त्याचा हात चिमटा बसेल इतका घट्ट धरून. घोट्याशी लाट आली तेव्हा पायाखालची वाळू सरकली आणि मी "अगं माय व!" म्हणून मटकन खाली बसले. डाव्या पायातली चप्पल निघाली आणि तरंगत गेली. नात तिच्यामागे धावली. मुलगा पोट धरून हसत होता. त्याने माझं खूप काही माफ केलं असावं, कारण एवढं हसू माफ केल्याशिवाय येत नाही.

मी बसल्या बसल्या ओंजळ भरली आणि जिभेला लावली. खारट. पुस्तकात बरोबर लिहिलं होतं.