ॲल्डरकोमचे ग्रामसेवक

हिंमतराव गावंडे रिटायर झाले तेव्हा गावानं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मंगरूळपीर तालुक्यात एकतीस वर्षं ग्रामसेवकी केलेला माणूस. सात गावं बदलली, अकरा सरपंच पाहिले. ते घड्याळ काखेत मारून ते आणि बायको मुक्ताई पुण्यात वारज्याला लेकीच्या फ्लॅटवर राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं, की घड्याळ आहे पण त्यात करायला काही नाही.

सकाळी ते जिन्यातल्या नोटिसा वाचायचे. ‘उद्या पाणी येणार नाही. – सेक्रेटरी.’ एवढंच. ना तारीख, ना जावक क्रमांक. त्यांनी सेक्रेटरींना गाठून सांगितलं, तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "आजोबा, पाणी आलं नाही की तारीख समजेलच."

पुण्याची ही बोलायची तऱ्हा त्यांना झोंबायची, पण आवडायचीही. हायवेच्या बाजूला गटाराचं काम चाललं होतं, तिथं उभं राहून ते मजुरांना उतार समजावून द्यायचे. घरी मोरीतला नळ दिवाळीपासून ठिबकत होता. मुक्ताईनं विषय काढला, की त्यांचं उत्तर ठरलेलं, "प्रकरन विचाराधीन हाय."

"कोनाच्या विचारात हाय जी?" मुक्ताई विचारायची. "बादली भरून राह्यली रोज, तिले इचारा."

लेक अपेक्षा हिंजवडीच्या एका कंपनीत टीम लीड होती. दोन हजार सहाचं साल. आयटीतली पोरं साऱ्या जगाची कामं पुण्यात बसून करत होती. अपेक्षाच्या वाट्याला इंग्लंडातलं एक कौन्सिल आलं होतं. ॲल्डरकोम डिस्ट्रिक्ट कौन्सिल. तिथल्या लोकांची तक्रारीची पत्रं तिकडं स्कॅन व्हायची, इकडं सोळा पोरं ती वाचून ज्या-त्या खात्याकडं पाठवायची आणि तक्रारदाराला उत्तर द्यायची. काम सहा महिन्यांच्या बोलीवर होतं. जमलं तर पुढं दोन वर्षं, नाही तर सोळा पोरं घरी. त्यात सतरावी अपेक्षा, जिनं वारज्याचा फ्लॅट या पगाराच्या भरवशावर घेतलेला.

शिफ्ट दुपारी एकची, त्यामुळे सकाळचा चहा निवांत व्हायचा. अपेक्षाची ऑफिसातली भाषा इंग्रजी-पुणेरी. पण चहाचा पहिला घोट पोटात गेला, की वऱ्हाडी वर यायची. त्या दिवशी दोन कप झाले तरी ती बोलेना.

"काय झालं व पोरी? तोंड कायले उतरलं?"

"बाबा, चारशे बारा तक्रारी वापस आल्या. साऱ्या खड्ड्याच्या."

"खड्डे? इंग्लंडात?"

"तिथीही असतात."

हिंमतरावांना उगाच बरं वाटलं. "मंग वापस कायच्या आल्या?"

"आमी कौन्सिलच्या रस्ते विभागात पाठवल्या. ते म्हनतात, आमच्याकडे रस्ते विभागच नाही."

"रस्ता कोनाचा हाय?"

"कोनाचा म्हंजे? गव्हर्नमेंटचा."

हिंमतरावांनी कप खाली ठेवला. "बाप्पा! माये, गव्हर्नमेंट नावाचा मानूस म्या एकतीस वर्षांत पाह्यला नाही. रस्ता ग्रामपंचायतीचा असते, नाही तं जिल्हा परिषदेचा असते, नाही तं बांधकामवाल्याचा. ज्याच्या रजिस्टरले रस्ता, त्याच्या डोक्यावर खड्डा. तुमच्या सोया जनायपैकी कोनं रजिस्टर पाह्यलं?"

कोणीच पाहिलं नव्हतं. सोळाही जण शहरात वाढलेले. त्यांच्या लेखी सरकार म्हणजे एकच मोठं दार, ज्यावर कुठंही ठोठावलं तरी चालतं.

अपेक्षानं लॅपटॉप उघडला. ती वाचत गेली, हिंमतराव विचारत गेले, आणि उलटलेल्या महिन्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर तीन मजली इमारत उभी राहिली. सगळ्यात वर काउंटी : रस्ते, शाळा, वाचनालयं. मधल्या मजल्यावर डिस्ट्रिक्ट : कचरा, बांधकाम परवानगी, घरपट्टी, जुनी झाडं. तळमजल्यावर पॅरिश : गावचं मैदान, बाक, बसथांब्याचं छप्पर. पॅरिशला नोकर म्हणाल तर एक क्लार्क, तोही अर्ध्या दिवसाचा.

"वरतं जिल्हा परिषद, मधात पंचायत समिती, खाली ग्रामपंचायत," हिंमतराव म्हणाले. तळमजल्यावरच्या क्लार्कवर त्यांनी मायेनं बोट टेकवलं. "हा गडी आपला भाऊबंद हाय. साऱ्यायच्या शिव्या हाच खात असन."

मुक्ताई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्यानं इथला नळ आटपून नाही राह्यला, अन् इंग्रजाच्या गावचं गटार काढाले निंघाले."

अपेक्षाचा मॅनेजर पुष्कर नारायण पेठेतला. त्यानं कॅलेंडरचा कागद उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे सोळा इंजिनिअरांना जे तीन महिन्यांत समजलं नाही, ते तुमच्या वडिलांना चहा पिताना समजलं. बोलवा त्यांना. यापेक्षा वाईट होण्यासारखं आपल्याकडे काही शिल्लक नाही."

हिंमतराव टोपी, धोतर आणि गळ्यात ‘व्हिजिटर’चा पट्टा अशा वेषात हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत शिरले. पोरं हसू दाबून बसली होती. त्यांनी पहिल्या रांगेतल्या पोराला विचारलं, "तुह्या घरचा कचरा कोन नेते?"

"सर, आमच्या मावशी खाली नेतात."

"अन् खालून?"

पोरानं शेजारचीकडं बघितलं. तिनं तिच्या शेजारच्याकडं.

"हे पाहा, आपलं चुकलं ते इथीसा. कचरा खाली गेला म्हंजे गेला नाही."

मग त्यांनी अर्ज फोडायला शिकवलं. मंगरूळकडं त्यांचा हा हातखंडा होता. खेड्यातला माणूस एका विषयावर अर्ज करतच नाही. हापशी बंद आहे इथून सुरू करतो, मधे शाळेच्या पत्र्यावर येतो आणि शेवटी शेजाऱ्याच्या म्हशीवर संपवतो. असा अर्ज एका टेबलावर पाठवला की तो तिथंच मरतो. म्हणून तो फोडायचा. जितके विषय तितक्या नकला, ज्याचा विषय त्याच्याकडं ती नकल, आणि कोणती नकल कुठं गेली हे अर्जदाराला कळवायचं. "त्याले काम होईन का नाही याचा तेवढा राग नसते," ते म्हणाले. "आपला कागद कोठी बसला हे समजत नाही, त्याचा राग असते."

पोरांनी वह्या काढल्या. त्या दिवसापासून ‘फोडणे’ हा शब्द इंग्रजी बोलण्यात शिरला. ‘स्प्लिट’ वगैरे कोणी म्हणेना. "अरे, ही फोडली का?" "फोडली, काउंटीला टाकली." महिनाभरात वापस येणाऱ्या तक्रारी चारशे बारावरून एकोणीसवर आल्या. हिंमतराव आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागले. गावंडे सर. कॅन्टीनवाला त्यांच्यासाठी ठेचा वेगळा काढून ठेवायचा.

त्याच सुमारास डोरोथी पेनफोल्ड बाईंचं पत्र आलं. वय एक्याऐंशी, गाव अपर विनलो, चार पानं, हातानं लिहिलेली. मैदानातल्या बाकाची फळी निसटली आहे आणि रंग गेला आहे. बाकावर चेस्टनटची फांदी वाकली आहे. बाकासमोरच्या रस्त्यात खड्डा आहे. शिवाय मयत यजमानांचे गुडघे आणि चर्चमधला नवा पाद्री, यांवर एकेक पान.

"असा अर्ज पाह्यला का जीव गार होते," हिंमतराव म्हणाले. त्यांनी तो स्वतः सांगून फोडला. बाक पॅरिशला, फांदी डिस्ट्रिक्टला, खड्डा काउंटीला. चौथी प्रत बाईंना. आणि खाली त्यांची लाडकी ओळ, जी पोरांकडून इंग्रजीत करून त्यांनी महिन्यापूर्वीच फोडलेल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी बसवून घेतली होती : माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी.

खरं म्हणजे अर्जदाराला नुसतं ‘माहितीसाठी’ लिहायचं असतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण मंगरूळला चार कागदांत कार्बन घालून एकदाच टाइपरायटर बडवायचे. जी ओळ साहेबाला, तीच अर्जदाराला. एकतीस वर्षांत एकाही अर्जदारानं ती ओळ मनावर घेतली नव्हती.

पेनफोल्ड बाईंनी घेतली.

तीन आठवड्यांनी ॲल्डरकोमचे साहेब, कॉलिन हारग्रीव्ह, यांचा मेल आला. सोबत तिकडच्या स्थानिक पेपरातला फोटो. हिरव्यागार बाकाशेजारी पेनफोल्ड बाई, एका हातात ब्रश, दुसऱ्यात हातोडी. मागं तशाच दोन म्हाताऱ्या खड्ड्यात घमेल्यानं खडी ओतताना. खाली बाईंचं म्हणणं : कौन्सिलनं मला आवश्यक ती कार्यवाही करायचा आदेश दिला, मी केली, फांदीचं मात्र शिडी आल्यावर बघू.

पुष्करनं फोटो पडद्यावर लावला. "बाईंनी बाक छान रंगवलाय. हात साफ आहे. अडचण एवढीच, की ऑर्डर आपण काढली." मग अपेक्षाकडं न बघता म्हणाला, "शुक्रवारी चार वाजता कॉल आहे. सहा महिन्यांचा निकालही त्याच कॉलवर सांगणार आहेत."

घरी हिंमतराव जेवले नाहीत. "माया एका ओयीपायी सतरा घरं," एवढंच म्हणाले. मुक्ताई त्यांना बोलायला मोकळी होती, पण त्या दिवशी तिनं नळाचाही विषय काढला नाही.

शुक्रवारी चारला सगळी टीम टेबलाभोवती. स्पीकरमधून हारग्रीव्ह साहेबांचा सपाट आवाज आला. एक्याऐंशी वर्षांची बाई हातोडी घेऊन, उद्या शिडी घेऊन. पडली असती तर जबाबदार कोण? ही ओळ पत्रात कोणी घातली?

पुष्करनं सुरुवात केली, "सर, टेम्प्लेटमध्ये एक छोटा इश्यू..."

हिंमतराव उभे राहिले. स्पीकर समोर असला तरी साहेबांशी बसून बोलणं त्यांना जमणारं नव्हतं.

"बाबा, बसा ना," अपेक्षा कुजबुजली.

"सांग त्याले. ओय माई हाय. पोरायची चूक नाही. म्हनाव, म्हातारा चुकला, म्हाताऱ्याले काढा, काम काढू नका."

अपेक्षानं सांगितलं. एकही शब्द वगळला नाही.

मग साहेबांनी विचारलं, की तुमच्याकडं अशी ओळ असलेलं पत्र मिळालं, तर लोक काय करतात?

हिंमतरावांनी टोपी सारखी केली. "फाइलले लावतात, सायेब."

अपेक्षानं भाषांतर केलं आणि स्पीकरमधून कोणीतरी फसकन हसलं. साहेबांच्या शेजारी आणखी कोणी बसलेलं होतं हे तेव्हा समजलं.

हारग्रीव्ह साहेब मात्र हसले नाहीत. त्याच सपाट आवाजात म्हणाले, "ही ओळ आमच्या दोनशे तीस लोकांना गेली. आम्ही फोन करून चौकशी केली. नऊ जणांनी काही ना काही केलं. दोघा भावांनी नाला उपसला. एका मास्तरांनी वाकलेली पाटी सरळ केली."

"अन् बाकीचे?" हिंमतरावांनी अपेक्षाला कोपरानं ढोसलं. तिनं विचारलं.

"बाकीच्यांनी बहुधा फाइलला लावलं."

आता इकडचे सोळाही हसले. पुष्करही हसला, आणि तो हसतो हे टीमला पहिल्यांदा दिसलं.

मग साहेबांनी कागद चाळल्याचा आवाज आला. सोमवारपर्यंत ती ओळ नागरिकांच्या पत्रातून निघाली पाहिजे. शिडीच्या बाबतीत ते स्वतः आज संध्याकाळी पेनफोल्ड बाईंकडं जाणार आहेत, आणि ती भेट सोपी नसेल. आता राहिलं काम. चुकीच्या दारी गेलेली पत्रं गेल्या महिन्यात एकोणीस होती. कौन्सिल स्वतः हे काम करत होतं तेव्हा साठच्या खाली कधी आली नव्हती. "तेव्हा काम तुमच्याकडेच राहील. दोन वर्षं. आणि त्या गृहस्थांना काढू नका. अर्ज फोडणारा माणूस आमच्याकडे नाही."

फोन बंद झाला तरी हिंमतराव उभेच होते. पुष्कर म्हणाला, "काका, आता बसलात तरी चालेल. त्यांना दिसत नाही."

ती ओळ हिंमतरावांनी स्वतः खोडली. कोणतं बटण दाबायचं ते पोरानं दाखवलं. एक-एक अक्षर मागं जात पुसलं गेलं, तेव्हा त्यांना वाईट वाटलं. पण ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

पंधरा दिवसांनी अपेक्षानं ऑफिसातून एक पत्र छापून घरी आणलं. पेनफोल्ड बाईंचं. या वेळी चार पानं नव्हती, तीन सुटे कागद होते आणि प्रत्येकावर एकच विषय. पहिल्यावर, फांदी डिस्ट्रिक्टनं कापली, आभार. दुसऱ्यावर, आमची खडी काढून काउंटीनं खड्डा नीट भरला, पण आमची खडी परत केली नाही, ती मिळावी. तिसऱ्या कागदावर मथळा होता : पत्रं लिहिणाऱ्या गृहस्थांस. त्यात लिहिलं होतं, की बाकावर तिघांची जागा आहे, आपण सपत्नीक येऊन बसावं. आणि खाली, वळणदार अक्षरात : माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी.

"एका येयी शिकली बाई," हिंमतराव खूश होऊन म्हणाले. "अर्ज कसा फोडून आनला पाहा." त्यांनी पेन काढून कागदाच्या कोपऱ्यात आवक क्रमांक एक टाकला, तारीख घातली, सही ठोकली आणि पत्र ठेवायला फाइल शोधू लागले.

मुक्ताई मोरीच्या दारात उभी राहून बघत होती. "एक्याऐंशीची बाई हातोडी घेते," ती म्हणाली, "अन् तुमी फाइल धुंडून राह्यले."

हिंमतराव थांबले. कागदाकडं बघितलं, नळाकडं बघितलं. मग चप्पल घालून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले, वायसर आणला, पान्हा शेजारच्या सेक्रेटरींकडून मागून आणला. सेक्रेटरी "परत कधी?" म्हणाले, तर यांनी तारीख आणि वार दोन्ही सांगितलं.

अर्ध्या तासात मोरी, धोतर आणि मुक्ताई तिन्ही भिजली. पण नळ थांबला. अपेक्षानं मोबाइलवर फोटो काढला, एका हातात पान्हा, दुसऱ्यात टोपी, आणि सोमवारी तो हारग्रीव्ह साहेबांना पाठवून दिला, पेनफोल्ड बाईंना दाखवायला.